ठेच कुठे लागली, ते सांगा

मार्च १९६१. मॉस्कोतल्या एका संस्थेत वॅलेंटिन बोंदारेन्को नावाचा चोवीस वर्षांचा वैमानिक दहा दिवस बंद कोठडीत एकटा बसून होता. अंतराळवीर व्हायचं तर एकटेपणा, शांतता आणि वेगळी हवा सोसता आली पाहिजे, म्हणून ही परीक्षा. कोठडीत दाब कमी होता आणि ऑक्सिजनचं प्रमाण खूप जास्त. अंगाला चिकटवलेले सेन्सर काढून त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं त्वचा पुसली आणि बोळा बाजूला भिरकावला. तो नेमका विजेच्या शेगडीवर पडला. एरवी असा बोळा जळून राख झाला असता आणि कुणी लक्षही दिलं नसतं. त्या हवेत मात्र त्याच्या कपड्यांनी क्षणात पेट घेतला. आतला आणि बाहेरचा दाब वेगळा असल्यामुळे दारही लगेच उघडेना. काही तासांत बोंदारेन्को गेला. तीन आठवड्यांनी गागारिननं पृथ्वीप्रदक्षिणा केली, जगभर जल्लोष झाला आणि या मुलाचं नाव फायलींच्या तळाशी गाडलं गेलं. बाहेरच्या जगाला त्याची हकीकत नीट कळायला १९८६ साल उजाडलं.

मधल्या काळात, २७ जानेवारी १९६७ रोजी, फ्लोरिडात अपोलो १ ची जमिनीवरच तालीम चालू होती. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे अंतराळवीर यानात बसले होते. केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाचा. दार आतल्या बाजूला उघडणारं. कुठेतरी ठिणगी उडाली आणि तिघेही गेले.

रशियनांनी सांगितलं असतं तर हे टळलं असतं का? तसं ठामपणे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या स्वतःच्या प्रयोगशाळांतही ऑक्सिजनच्या कोठड्यांत आगी लागल्या होत्या आणि त्यांचाही धसका कुणी पुरेसा घेतला नव्हता. पण टळण्याची एक शक्यता तिकडे मॉस्कोत कुलूपबंद होती, एवढं नक्की. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असं आपण सहज म्हणून जातो. या म्हणीत एक अट न बोलता गृहीत धरलेली आहे: ठेच लागलेल्यानं मागे वळून ‘अरे, इथे दगड आहे’ असं सांगायला हवं.

अवकाश मोहिमांनी काय शिकवलं असं विचारलं की आपल्याकडे ठरलेली उत्तरं येतात. व्हॉयेजरनं बाहेरच्या ग्रहांचं दर्शन घडवलं, चांद्रयान १ मुळे चंद्रावरच्या पाण्याचा पुरावा मिळाला, मंगळयानानं काटकसर शिकवली. खोटं यात काही नाही. पण मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातून माणसाच्या हाती लागलेली सर्वांत मोलाची वस्तू चंद्रावरची माती नाही, अपघातानंतर लिहिलेला आणि कुणालाही वाचता येईल असा चौकशी अहवाल आहे. आणि आपली इस्रो, जिचा मला इतर कुणाही भारतीयाइतकाच अभिमान आहे, नेमकी हीच वस्तू अलीकडे दडवून ठेवायला लागली आहे. हा लेख त्या तक्रारीसाठी आहे.

आधी अहवालांत असतं काय ते पाहू, कारण बातमीत येतं ते आणि अहवालात असतं ते, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मंगळाकडे निघालेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकानं वर्गात सांगितलेली असते. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरनं रेट्याचे आकडे पौंडाच्या हिशेबात दिले, नासाच्या लोकांनी ते न्यूटनच्या हिशेबात वाचले, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या दोनशेहून जास्त किलोमीटर वरून जाण्याऐवजी सुमारे ५७ किलोमीटरवरून वातावरणात घुसून नष्ट झालं. मुलं हसतात, पुढचा धडा सुरू होतो. अहवालातला खरा भाग मात्र वेगळा आहे. यान अपेक्षित वाटेवरून थोडं सरकतंय, हे वाट आखणाऱ्या काही जणांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पण अडचण नोंदवण्याची जी रीतसर पद्धत होती तिच्यातून ती शंका गेली नाही, ईमेलांमध्येच फिरत राहिली आणि तिचा पाठपुरावा कुणी केला नाही. शेवटी वाट सुधारायची एक संधी होती, तीही वापरली गेली नाही. म्हणजे गणित चुकलं एका ठिकाणी आणि ती चूक पकडणारी जाळी फाटली पाच ठिकाणी. यातली एककांची चूक फार तर दुसऱ्या अवकाश संस्थेला उपयोगाची. फाटलेल्या जाळीचं वर्णन मात्र रुग्णालयं, रेल्वे, बँका अशा कुणालाही उपयोगी पडेल.

हबल दुर्बिणीची कथा मला याहूनही आवडते, कारण तिच्यात चकत्या आहेत. होय, नट-बोल्टाखाली घालतात त्या वॉशरच्या चकत्या. २.४ मीटर व्यासाचा आरसा १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या पर्किन-एल्मर कंपनीत घासला गेला. आरशाचा आकार तपासायला एक अतिशय अचूक उपकरण बनवलं होतं. त्यातल्या भिंगाचं अंतर एका दांड्याच्या टोकावर प्रकाश पाडून मोजायचं होतं. दांड्याच्या टोकावर एक टोपी होती आणि तिला प्रकाश परतू नये म्हणून काळा रंग दिलेला होता. त्या रंगाचा टवका उडाला, प्रकाश दांड्याऐवजी टोपीवरून परतला आणि भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवावं लागेल असा हिशेब निघाला. भिंग तिथवर पोचेना, तर तंत्रज्ञांनी चकत्या घालून फट भरली. पुढे ज्या काटेकोरपणानं आरसा घासला गेला त्याला तोड नाही. तो अत्यंत अचूकपणे चुकीच्या आकाराचा झाला. कडेला जेमतेम २.२ मायक्रॉनचा फरक, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास.

आता गंमत पाहा. दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी ही चूक दाखवली होती. ‘ती उपकरणं तेवढी अचूक नाहीत’ म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, चित्रं धुरकट आली आणि नासाची जगभर टर उडवली गेली. चौकशी समिती त्या कंपनीत पोचली तेव्हा ते उपकरण जवळजवळ दहा वर्षांनंतरही तसंच, न हलवलेलं, जागच्या जागी होतं. त्यामुळे चूक किती हे नेमकं मोजता आलं. आणि चूक नेमकी कळल्यामुळेच तिच्या बरोबर उलट्या आकाराचे छोटे आरसे बनवून डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते तिथे नेऊन बसवले. हबलची जी देखणी चित्रं आज आपल्या मोबाइलवर असतात ती त्या अहवालाची देणगी आहे. लाजेपोटी कुणी ते उपकरण मोडीत काढलं असतं, तर दुर्बीण आंधळीच राहिली असती.

चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी लांबण लावत नाही. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंद, सात माणसं. थंडीत रबराची कडी ताठरते हे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांना माहीत होतं, आदल्या रात्री त्यांनी विरोधही केला आणि त्यांच्याच वरिष्ठांनी तो मोडून काढला. चौकशी आयोगातला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन, त्यानं बर्फाच्या पाण्यात रबर बुडवून दाखवलं ते दृश्य प्रसिद्ध आहे. त्याहून महत्त्वाचं त्यानं जे केलं ते कमी लोकांना आठवतं. माझं परिशिष्ट छापणार नसाल तर अहवालावरून माझं नाव काढा, असं त्यानं आयोगाला बजावलं. त्या परिशिष्टात त्यानं एक साधी विसंगती मांडली होती: यान गमावण्याची शक्यता इंजिनिअर शंभरात एक सांगत होते आणि व्यवस्थापन लाखात एक. एकाच इमारतीतली माणसं एकाच यंत्राबद्दल इतकं वेगळं बोलत असतील तर बिघाड फक्त रबरात नाही, हे त्यानं सरकारी कागदावर, सरकारच्याच खर्चानं छापून घेतलं.

इथे माझ्याच विरोधातला मुद्दा मला टाळता येणार नाही. एवढा उघडा अहवाल येऊनही सतरा वर्षांनी नासाचं तसंच दुसरं यान, कोलंबिया, कोसळलं. १ फेब्रुवारी २००३ ला करनालच्या कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळल्याचं चित्रफितीत दिसलं होतं. पंखाचे फोटो कक्षेत असतानाच काढून घ्या असं काही इंजिनिअर म्हणत होते, ते झालं नाही. चौकशी मंडळानं स्पष्ट लिहिलं की अपघाताला फोम जितका जबाबदार तितकीच नासाची संस्कृती, आणि चॅलेंजरनंतरचे धडे संस्था विसरली. तेव्हा अहवाल छापला की माणूस शहाणा होतोच असं नाही, हे मान्य. पण ‘तुम्ही विसरलात’ असं त्या मंडळाला म्हणता आलं, ते का? कारण आधीचं लिहिलेलं सगळ्यांसमोर होतं. छापलेलं विसरलं तर कुणीतरी आठवण करून देऊ शकतो. कपाटातल्या कागदाची आठवण कोण करून देणार?

आता घरी येऊ.

१० ऑगस्ट १९७९ रोजी इस्रोचं एसएलव्ही ३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम. पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, जबाबदारी स्वतःकडे घेतली, आणि पुढच्या जुलैत यश आलं तेव्हा पत्रकारांसमोर कलामांना पाठवलं. ही गोष्ट आपल्याकडे ‘नेतृत्व’ या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येते, आणि आता तर कंपन्यांच्या प्रशिक्षणातही. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र भाषणांतून गळतो, जो कलाम स्वतः सांगत असत: उलटी मोजणी चालू असताना संगणक ‘थांबा’ म्हणत होता. तज्ज्ञांनी भरवसा दिला की पुरेसं इंधन आहे, आणि कलामांनी संगणकाचं न ऐकता रॉकेट सोडलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून आम्ल गळत होतं. मला या गोष्टीत धवनांच्या मोठेपणाइतकाच हा भाग मोलाचा वाटतो, कारण ज्याचा निर्णय चुकला त्यानंच तो पुढे आयुष्यभर उघडपणे सांगितला. तिरुवनंतपुरमच्या ज्या केंद्रात हे रॉकेट घडलं त्याचं संचालकपद त्याच वर्षी पुण्याच्या वसंत गोवारीकरांकडे आलं होतं. त्या पिढीला अपयशाची लाज नव्हती असं नाही, पण ते झाकायची सवय नव्हती.

ही सवय अगदी अलीकडेपर्यंत टिकली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० हे रॉकेट अपयशी ठरलं, तेव्हा हायड्रोजनच्या टाकीच्या व्हॉल्व्हचं सील खराब होऊन दाब कसा कमी पडला हे इस्रोनं नंतर जाहीर केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्ही या नव्या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. त्यात सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी हातभार लावलेला उपग्रहही होता. दुसरा टप्पा सुटतानाच्या हादऱ्यांनी प्रवेगमापकांचे आकडे दोन सेकंद कसे भरकटले आणि संगणकाला ते मापकच बिघडलेत असं कसं वाटलं, हेही इस्रोनं सविस्तर सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत दुसरं उड्डाण यशस्वी झालं. म्हणजे इस्रोला हे येत नाही असं नाही. छान येतं.

मग चांद्रयान २ च्या वेळी काय झालं? ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे आपण सगळे टीव्हीसमोर जागे होतो. पडद्यावरची रेषा सरळ वाटेवरून वळली आणि थांबली. पुढचे दिवस ‘संपर्क तुटला’ हा शब्दप्रयोग चालला, जणू मोबाइलची रेंज गेली होती. मोहीम ९८ टक्के यशस्वी असल्याचंही सांगितलं गेलं. नोव्हेंबरमध्ये लोकसभेतल्या एका उत्तरात कबुली आली: तीस किलोमीटरवरून ७.४ किलोमीटरपर्यंत सगळं ठीक होतं, त्यानंतर वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाला आणि लँडर ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला. का, ते नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला चेन्नईच्या एका इंजिनिअरनं नासानं सर्वांसाठी खुली ठेवलेली चंद्राची छायाचित्रं घरी बसून ताडून पाहिली आणि विक्रम या आपल्या लँडरचे अवशेष शोधले. नासानं त्याचं नाव घेऊन श्रेय दिलं. इस्रोचे अध्यक्ष म्हणाले, आम्ही तर आधीच शोधलं होतं. असेल. पण आपल्या लँडरचे तुकडे आपल्याला दाखवले ते दुसऱ्याच्या उघड्या फायलीनं.

खरी कारणं उलगडून सांगितली ती इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी, तीही २०२३ मध्ये, चांद्रयान ३ च्या तोंडावर. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला, चुका साचत गेल्या, यान वळवण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरनं मर्यादा घातलेली होती, आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद असल्यामुळे यान तिथे पोचायच्या धडपडीत वेग वाढवत राहिलं. किती सुरेख, समजेल असं स्पष्टीकरण! आणि त्यातून झालेले बदलही तितकेच सुरेख: चार इंजिनं, मजबूत पाय, वेग थेट मोजणारं लेझरचं उपकरण, उतरायला ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरचं मैदान. २३ ऑगस्टला यान उतरलं. हे सगळं सांगून इस्रोची पत तसूभरही कमी झाली नाही, उलट वाढली. मग चार वर्षं थांबायचं कारण काय होतं? सांगण्याआधी हाती यश असावं लागतं, एवढंच कारण मला तरी दिसतं.

तुलनेसाठी जपानच्या आयस्पेस या खासगी कंपनीकडे पाहा. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचा लँडर चंद्रावर आदळला. खड्ड्याची कड ओलांडताना जमीन अचानक खोल गेली, सॉफ्टवेअरला वाटलं मापकच बिघडला, आणि पाच किलोमीटर उंचीवर असताना यानाला आपण टेकलो असं वाटलं. हे त्यांनी महिन्याभरात जाहीर केलं. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, गुंतवणूकदार डोक्यावर, तरीही. (जून २०२५ मध्ये त्यांचा दुसरा लँडरही आदळला. मी म्हटलंच, अहवाल म्हणजे ताईत नव्हे.)

आणि आता पीएसएलव्ही हे रॉकेट. आपला सर्वांत भरवशाचा घोडा. १८ मे २०२५ ला त्याच्या सी६१ या उड्डाणात तिसऱ्या टप्प्यात दाब घटला आणि उपग्रह गेला. चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल लोकांसमोर न येताच १२ जानेवारी २०२६ ला सी६२ उडालं आणि पुन्हा तिसऱ्या टप्प्यातच बिघडलं. या वेळी देशी-परदेशी पंधरा छोटे सहप्रवासीही बुडाले. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच असेल किंवा नसेलही. माझा मुद्दा तो नाही. पहिल्या वेळी काय सापडलं, काय दुरुस्त केलं आणि कशाच्या भरवशावर हिरवा कंदील दिला, हे त्या सहप्रवाशांना आणि आपल्याला वाचायला मिळालं नाही. २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह याच पीएसएलव्हीनं कक्षेत नेला होता. त्या मुलांनी कित्येक वर्षं खपून तो केला होता. असा उपग्रह गमावणाऱ्या मुलांना ‘तांत्रिक बिघाड’ एवढ्या दोन शब्दांवर घरी पाठवायचं का?

बंद दाराच्या बाजूनं बोलणारे सांगतात की रॉकेट आणि क्षेपणास्त्र ही सख्खी भावंडं, सगळं उघड कसं करणार? आक्षेप रास्त आहे. व्हॉल्व्हचा आराखडा, धातूचं मिश्रण, इंधनाची कृती काळी शाई फासून झाका. नासाच्या अहवालांतही झाकलेल्या ओळी असतात. पण ‘शंका कुणी काढली, ती कुठे अडकली, कोणती चाचणी गाळली’ हे वाचून शत्रूला क्षेपणास्त्र बनवता येत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: आपल्याकडचे वृत्तवाहिन्यांचे अँकर आणि समाजमाध्यमांवरची झुंड इंजिनिअरांचे लचके तोडतील. तोडतीलही. पण मौनामुळे ते थांबलेत असा अनुभव आहे का? सी६२ नंतर घातपातापासून कंत्राटापर्यंत जे तर्क रंगले ते अहवालाच्या अभावीच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ पैशांची असते तोवर. रॉकेटची झाकली मूठ विमा कंपनी सव्वा लाखाची धरत नाही, हप्ता वाढवते.

शिवाय इस्रो आता एकट्याच्या घरात राहत नाही. विकास इंजिन विक्रोळीत गोदरेजकडे बनतं, रॉकेटचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडतात, पाच पीएसएलव्ही बनवायचं काम हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रोच्या जोडीला दिलंय, स्कायरूट आणि अग्निकुलसारख्या नव्या कंपन्या स्वतःची रॉकेटं उभारताहेत. घरातली गोष्ट घरात ठेवायची, तर घर केवढं हे तरी आधी ठरवा. ज्या ज्ञानावर ही सगळी मंडळी उभी राहणार आहेत त्यातला अपयशाचा अर्धा भाग त्यांच्यापर्यंत कसा पोचणार? कँटीनमधल्या गप्पांतून?

इस्रोला उघडेपणाची किंमत कळते, हे जून २०२५ मध्ये दिसलं. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला ज्या फाल्कन ९ या अमेरिकी रॉकेटवरून जाणार होते त्यात ऑक्सिजनची गळती सापडली. तिथे हजर असलेल्या इस्रोच्या लोकांनी पूर्ण दुरुस्तीचा आग्रह धरला, उड्डाण पुढे गेलं. नंतर अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी जाहीरपणे सांगितलं की नळीला तडा होता आणि तसंच उडालो असतो तर अनर्थ झाला असता. अमेरिकी कंपनीच्या रॉकेटमधला तडा भारतीय नागरिकाला सांगता येतो. मग श्रीहरिकोट्याहून उडालेल्या रॉकेटमधला का नाही?

भारतीय अंतराळवीरांना घेऊन जाणाऱ्या गगनयानाच्या आधी हे ठरायला हवं. ते जाणार आहे एलव्हीएम३ वरून, पीएसएलव्हीवरून नाही, आणि एलव्हीएम३ ची आजवरची कामगिरी चोख आहे. पण रॉकेट वेगळं असलं तरी शंका ऐकणारे किंवा न ऐकणारे कान त्याच संस्थेचे. माझं मागणं फार मोठं नाही. कोणतीही मोहीम फसली की सहा महिन्यांच्या आत, संवेदनशील भाग झाकून, अहवाल प्रसिद्ध व्हावा. समितीत काही माणसं इस्रोच्या बाहेरची असावीत, जसे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात.

यासाठी परदेशातून काही आणायचीही गरज नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं, आणि विमान अपघात अन्वेषण विभागानं महिन्याभरात प्राथमिक अहवाल लोकांसमोर ठेवला. त्यावर वाद झाले, वैमानिकांच्या संघटना चिडल्या, तज्ज्ञांनी टीव्हीवर एकमेकांना खोडून काढलं, पण वाद कशावर घालायचा तो कागद सगळ्यांच्या हातात होता. तो विभाग दिल्लीत आहे आणि इस्रोचं मुख्यालय बंगळुरूत. नियमावलीची एक प्रत पाठवायला टपालखर्च फारसा येणार नाही.